बोनस दिवाळीचा नाही, चैत्राचा

पाडव्याला गुढी उभी राहिली, नैवेद्य दाखवून झाला की मी नवी वही उघडते. दोनशे पानी, लांब वही. पहिल्या पानावर डावीकडे वर्षभरात घरात येणारे पैसे, उजवीकडे जाणारे. व्यापारी लोक वह्या दिवाळीला बदलतात, मी चैत्रात बदलते, कारण आमच्या घरचा सगळ्यात मोठा खर्च चैत्रात होतो. ही माझी अकरावी वही.

आम्ही इचलकरंजीत राहतो. मालक, म्हणजे माझे मिस्टर, यंत्रमागावर कामाला आहेत, जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी आणि ती दर आठवड्याला. मी घरी शिलाई करते, ब्लाऊज आणि साडीला फॉल-पिको. दोन मुलं, एक अकरावीला, एक सातवीला. सासूबाई आहेत, त्यांना आम्ही सगळ्या सुना आत्या म्हणतो. दोन खोल्या सासऱ्यांनी बांधून ठेवल्यात, त्यामुळं भाडं नाही, फक्त घरफाळा. हे मी आधीच सांगते, कारण ज्यांना भाडं भरावं लागतं त्यांचं गणित याहून अवघड आहे, आणि माझा हिशेब वाचून कुणी "आम्हाला का जमत नाही" म्हणून मनाला लावून घेऊ नये.

यंदा डावीकडे २,१४,००० रुपये लिहिलेत. मजुरीचे १,४४,०००, बोनसचे २२,०००, माझ्या शिलाईचे ३०,००० आणि लाडकी बहीणचे १८,०००.

मजुरीचा आकडा कसा काढला ते सांगते. चांगल्या आठवड्याला साडेतीन-पावणेचार हजार हातात येतात, ढिल्या आठवड्याला दोन. सरासरी मी ३,२०० धरते. पण आठवडे बावन्न धरत नाही, पंचेचाळीस धरते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं बावन्न धरले आणि दरवर्षी माघ-फाल्गुनात हात आखडायचा. तेव्हा मला वाटायचं, आपलंच कुठंतरी चुकतंय, आपल्यालाच पैसा पुरवता येत नाही. मग एक वर्ष कॅलेंडरवर खुणा केल्या. दिवाळीला कारखाना आठ-दहा दिवस बंद. बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, संपलं, दुसरं यायला वेळ लागला की माग उभा. कापडाला उठाव नसला की दोन पाळ्यांची एक पाळी. गावची यात्रा, एखादा ताप, एखादी मयत. वर्षअखेरीला मोजलं तर पुरते शेहेचाळीस आठवडेही भरले नव्हते. चूक खर्चात नव्हतीच, जमेत होती. न मिळणारे सहा-सात आठवडे मी मिळाले म्हणून धरत होते. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला आणि पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, त्या दोन वर्षांत तर पंचेचाळीससुद्धा झाले नाहीत. पण ती वर्षं निराळी, तो हिशेब मी धरत नाही.

आत्यांचं एक बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. नवीन होते तेव्हा त्या म्हणायच्या, "महिना कुणीबी काढतंय पोरी, वरीस निघालं पायजे." तेव्हा अर्थ कळला नव्हता. आता कळतो. भाजीपाला, तेल, दूध, चहा-साखर, साबण मिळून आठवड्याला १,५०० रुपये जातात आणि ते कसेही भागतात. एखाद्या आठवड्याला पालेभाजीच्या जागी आमटी-भात केला की झालं. घर मोडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चानं. जूनमध्ये शाळा, मे अखेरीला विम्याचे पैसे, घरफाळा, लग्नसराईतले आहेर, यात्रेचे पै-पाहुणे. आणि सगळ्यात मोठी बेगमी.

बेगमी म्हणजे आमच्याकडं वर्षाचं धान्य आणि चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. केशरी कार्डावर गहू-तांदूळ माणशी पाच किलो मिळतात, २०२३ पासून तेही फुकट, त्यामुळं ते विकत घ्यावे लागत नाहीत. पण भाकरी रोज लागते. ज्वारी दीड क्विंटल, शाळू घेते, किलोला ४५ प्रमाणे ६,७५० झाले. तूरडाळ पंचवीस किलो ३,०००. मूग, हरभरा, मटकी, मसूर मिळून २,५००. शेंगदाणे पंधरा किलो दोन हजारांच्या आसपास, गूळ वीस किलो ११०० आणि चटणीचे ३,६००. एकूण एकोणीस हजार. आठवड्याला ३,२०० आणणाऱ्या घरात एकोणीस हजार एकदम काढायचे म्हणजे काय, ते ज्यांनी काढलेत त्यांनाच माहीत.

आधी मी हे पैसे भिशीतून उभे करायची. गल्लीतल्या पंधरा बायका, महिन्याला १,५०० आणि मी मुद्दाम चौदावा नंबर घ्यायची, म्हणजे पैसे मधे खर्च न होता शेवटी एकदम हातात. दोन खेपा हे सुरळीत झालं. तिसऱ्या खेपेला, २०१८ मध्ये, माझे तेरा हप्ते भरून झाले आणि भिशी चालवणारी बाई घर सोडून गेली. १९,५०० रुपये गेले. बाकीच्या बायका तिच्या दारात जाऊन आरडाओरडा करून आल्या, मी गेले नाही. मी घरी मशीनवर बसून राहिले आणि एका ब्लाऊजची बाही दोनदा उलटी जोडली. मालकांना सांगायला मला चार दिवस लागले. ते काही बोलले नाहीत, फक्त "जेवलीस का?" म्हणाले. मला त्याचंच रडू आलं.

त्या वर्षी बेगमी झाली नाही. ज्वारी पाच-पाच किलोनं दुकानातून, डाळ अर्धा किलो, चटणी पाकिटातली. वही मात्र मी लिहीत राहिले, उलट जास्त बारकाईनं लिहिली. वर्षअखेरीला त्याच सगळ्या वस्तूंची बेरीज केली तर १८,९०० आली. आदल्या वर्षी बेगमीला १३,५०० लागले होते. म्हणजे एकदम पैसे हातात नव्हते म्हणून ५,४०० रुपये जास्त मोजले, मालकांच्या तेव्हाच्या दोन आठवड्यांच्या मजुरीहून जास्त. शिवाय ज्वारी नवी-जुनी मिसळलेली, चटणीला चव नाही. गरिबाला वस्तू महाग पडते असं लोक म्हणतात, पण माझ्या वहीत तो आकडाच लिहिलेला आहे, म्हणून मला ते पटतं. ज्याच्याकडं चैत्रात पैसा आहे त्याला वर्ष स्वस्त जातं, ज्याच्याकडं नाही त्याला तेच वर्ष महाग.

तेव्हापासून बोनसवर बोलणं सुरू झालं. तोपर्यंत आमच्याकडं बोनस म्हणजे दिवाळीच. बोनस हातात पडला की त्याच संध्याकाळी बाजार, सगळ्यांना कपडे, फटाके, एखादं भांडं, आणि भाऊबीजेला पाकीट रिकामं. मी म्हटलं, बोनस चैत्राला ठेवू. मालकांना ते पटायला जड गेलं, आणि मी त्यांना दोष देत नाही. वर्षभर मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभं राहिलेल्या माणसाला एक आठवडा हात सोडून खर्च करावासा वाटणारच. पोरांपुढं, भावांपुढं आपणही काही आणलं असं वाटावं, हे चुकीचं नाही. आम्ही दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. शेवटी आत्यांनीच तोड काढली. दिवाळीचे चार हजार वेगळे, त्यात काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं, त्यात सुनेनं तोंड घालायचं नाही. बाकीच्या पैशाला कुणी हात लावायचा नाही. आजपर्यंत मी त्या चार हजारांचा हिशेब विचारलेला नाही. वहीत एकच ओळ असते, "दिवाळी ४,०००".

उरलेले अठरा हजार कार्तिकापासून चैत्रापर्यंत सांभाळणं हे खरं काम. घरात ठेवले तर राहत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते. कुणाचा दवाखाना निघतो, कुणी हातउसने मागतं आणि पैसे घरात आहेत हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळं तोंडातून "नाहीत" निघत नाही. म्हणून ते माझ्या बँकेच्या खात्यात असतात आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही. पैसे काढायचे तर रांगेत उभं राहून स्लिप भरायची. रांगेत उभं राहिलं की माणूस दोनदा विचार करतो.

चटणीच्या दिवसाबद्दल लिहिते, कारण वर्षातला मला सगळ्यात आवडणारा दिवस तोच. यंदा पाच किलो मिरची घेतली, तीन किलो ब्याडगी रंगाला आणि दोन किलो तिखट संकेश्वरी. बाजारात मूठभर मिरची घेऊन आधी ती वाजवून बघायची. कोरडी असली तर बी आत खुळखुळतं, दमट असली तर आवाज येत नाही आणि वजनात पाण्याचे पैसे जातात. घरी आणून दोन दिवस पत्र्यावर कडक ऊन द्यायचं. देठं काढायला आम्ही तिघी बसतो, मी, आत्या आणि आता मुलगीही. हाताला आधी तेल लावायचं, नाहीतर रात्रभर आग होते. धणे, जिरे, तीळ, खसखस, खोबरं, लवंग-दालचिनी, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी. मग डंकावर कुटून आणायची. डंकावर चैत्रात नंबर लागतो, सकाळी सहाला पाटी ठेवली तर दुपारी घरी. तिथं सगळ्या बायका शिंकत असतात, डोळ्यांना पदर लावून एकमेकींच्या मिरचीचा रंग बघत असतात.

घरी आल्यावर लसूण आणि तळलेला कांदा मिसळायचा, मीठ घालायचं, आणि चटणी गार झाली की बरणीत दाबून भरायची. आत्यांची चिनी मातीची बरणी आहे, काठाला एक टवका उडालेला. वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि फडक्यानं तोंड बांधायचं. ओला चमचा बरणीत घातला तर आत्या लहान-मोठं बघत नाहीत, मालकांनाही बोलतात.

बाकीचे वर्षाचे खर्च थोडक्यात. मे अखेरीला दोघांच्या खात्यातून जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० जातात, मिळून ९१२. खात्यात तेवढे शिल्लक नसले तर विमा बंद पडतो, म्हणून एप्रिलच्या पानावर वरच लिहून ठेवलंय. लग्नसराईत माझी शिलाई जोरात असते, ते पैसे जूनच्या शाळेला. धाकट्याची पुस्तकं शाळेतून मिळतात, थोरलीची अकरावीची जुनी घेतली, अर्ध्या किमतीत. वीज शंभर युनिटच्या आत ठेवायची धडपड असते, कारण शंभरच्या पुढच्या प्रत्येक युनिटला जवळजवळ दुप्पट दर पडतो. उन्हाळ्यात जमत नाही, पंखा आणि फ्रीज दोन्ही चालतात, आणि त्यासाठी मी कुणाला उकाड्यात झोपायला लावत नाही. माहेर गडहिंग्लजकडं, मार्च २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून वर्षातून दोनदा जाते. आधी एकदाच जायची. आईला त्याचं केवढं समाधान आहे.

पोस्टात महिन्याला ५०० ची आरडी चालू आहे. पाच वर्षांनी पस्तीस हजारांच्या वर होतात. भिशीचा धक्का बसल्यावर मला वाटलं होतं की आता पैसा कुणाच्या हातात देणारच नाही, पण पोस्टाच्या पासबुकावर शिक्का पडतो तो बघून धीर येतो. ते पैसे थोरलीच्या पुढच्या शिक्षणाचे. तिला नर्सिंगला जायचं आहे.

काही गोष्टींत मी काटकसर करत नाही, तेही लिहायला हवं. आत्यांच्या बीपीच्या गोळ्या एक दिवसही चुकत नाहीत. मुलांना रोज अर्धा लिटर दूध. आणि दारात आलेल्या माणसाला चहा. चहा मोजला तर वर्षाला किती वाचतील हे मी एकदा काढलं होतं, मग ते पान फाडून टाकलं.

यंदा पाडव्याला वही मी लिहिली नाही. थोरली म्हणाली, "आई, तू सांग, मी लिहिते." तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी मजुरीचे आठवडे पंचेचाळीस सांगितले तर तिनं पेन थांबवून विचारलं, "बावन्न का नाही?" मी तिला जुन्या वहीतलं ते खुणा केलेलं कॅलेंडर काढून दाखवलं. ती बराच वेळ ते बघत बसली. आमचा तो ताप, ती मयत, माग उभा राहिलेले ते दिवस, सगळ्यावर बोट फिरवलं. मग खाली मान घालून ४५ लिहिलं आणि शेजारी ३,२०० मांडून गुणाकार करायला घेतला.