देवप्रयाग: रस्त्यावरून फोटो काढून निघू नका

बद्रीनाथच्या वाटेवर बहुतेक गाड्या देवप्रयागला जेमतेम दहा मिनिटं थांबतात. कठड्यावरून खाली डोकावायचं, फोटो काढायचा, की चला पुढे. मागच्या खेपेला आम्हीही तेच केलं होतं. या जूनमध्ये मात्र आईला घेऊन थेट संगमापर्यंत उतरलो.

वरून बघताना डावीकडून येते ती भागीरथी, हिरवीगार. उजवीकडची अलकनंदा अगदी मातकट. दोन्ही पाणी लगेच एकजीव होत नाही. मधली रेघ बरीच पुढपर्यंत दिसत राहते. इथून पुढे नाव गंगा. खळाळत येणारी भागीरथी म्हणजे सासू आणि शांत अलकनंदा म्हणजे सून, असं तिथले लोक सांगतात.

भागीरथी एवढी नितळ का, तर वरच्या अंगाला 260.5 मीटर उंचीचं टिहरी धरण आहे. गाळ त्या जलाशयातच बसतो. अलकनंदा मात्र वितळलेल्या बर्फाबरोबर डोंगराची माती घेऊन येते. घाटाच्या टोकाशी बसून मी आधी एका नदीचं पाणी ओंजळीत घेतलं, मग दुसरीचं. भागीरथीच्या पाण्यात तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. अलकनंदेचं पाणी ओघळून गेलं तरी पिठासारखी बारीक वाळू बोटांना चिकटून राहिली. आई काही बोलली नाही, नुसती हात जोडून उभी होती.

ऋषिकेशहून अंतर साधारण 70 किलोमीटर. पहाटे निघा, गर्दी लागत नाही. वाटेत तीन धारा नावाच्या थांब्यावर पराठे खाऊन घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तोता घाटीत दरडी कोसळतात, तेव्हा शक्यतो जाऊ नका. रंगांतला फरक बघायचा तर मे-जून चांगला. हिवाळ्याकडे अलकनंदाही निवळते.

खाली उतरायला झुलता पूल आणि मग भरपूर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. आईला चढताना तीनदा बसावं लागलं. पाण्याला ओढ भयंकर आहे. पोहता येत असलं तरी घाटावरची साखळी धरूनच डुबकी मारा, मुलांचा हात सोडू नका. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते, त्यामुळे भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून आधी वर या. घाटाच्या वर रघुनाथाचं जुनं दगडी मंदिर आहे, तेही बघा. सगळं धरून दोन तास हाताशी ठेवा, आणि गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला तसं सांगून ठेवा.