हरलेल्या कोचच्या हातात पंचाचे मार्क

सांगली भागात कबड्डीला पंच म्हणून उभा राहतो मी. अलीकडं काही स्पर्धांत मॅच संपली रे संपली की दोन्ही कोचच्या हातात चिठ्ठी देतात, पंचाला दहापैकी किती, एवढंच, कारण लिहायला जागाच नाही, आणि त्यावर ठरतं सेमीफायनलला कोण उभं राहणार. अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत शाळांच्या मॅचला कोच असं रेटिंग देतात म्हणे, म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही. कोचचं मत घेऊच नका असं मी म्हणत नाही, चांगल्या कोचला जे दिसतं ते भल्याभल्यांना दिसत नाही.

पण बोनसचंच, म्हणजे चढाईत मिळणाऱ्या जादा गुणाचंच बघा ना. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडं टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. मातीचं मैदान, फक्कीची रेषा सेकंड हाफपर्यंत पुसत आलेली, वरून हॅलोजन, आणि दोन्ही पाय एकाच नजरेत धरायचे. बाकावरच्या कोचला पुढचा पाय दिसतो, मागचा पाय दिसतोच असं नाही.

मध्ये एका स्पर्धेत मी गुणलेखकाशेजारी बसलो होतो. नवीन पंच, पोरगी एकदम हुशार, तिनं असाच एक बोनस नाकारला आणि बरोबर नाकारला, मागचा पाय जमिनीवरच होता. कोच बाकावरून ओरडला, "ताई, मार्क देताना बघतो हं!" सेकंड हाफला अगदी तशीच चढाई, निर्णय द्यायच्या आधी तिनं बाकाकडं बघितलं. आणि बोनस दिला. मला लई वाईट वाटलं. तिला नियम पाठ आहे हो, पण त्याच कोचचं मंडळ पुढच्या महिन्यात स्पर्धा भरवणार, पंच कुणाला बोलवायचं ते तेच ठरवणार, मग ती काय करणार?

2023 च्या एशियन गेम्सची फायनल आठवा. 28-28 असताना आपला कॅप्टन पवन सेहरावत कुणाला हात न लावताच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, इराणचे गडी त्याच्या मागोमाग, बाद एकटा पवन की मागोमाग गेलेले गडीही, जुना नियम की नवा यावर निर्णय फिरत राहिला आणि खेळ तासभर थांबला. शेवटी आपण 33-29 नं जिंकलो. त्या क्षणी दोन्ही कोचना चिठ्ठ्या दिल्या असत्या तर त्याच पंचांना एकानं दहा दिले असते आणि दुसऱ्यानं शून्य.

म्हणून आयोजकांना माझं एवढंच म्हणणंय, चिठ्ठी दुसऱ्या दिवशी द्या आणि आकडा मागू नका, कुठली चढाई, काय चुकलं ते लिहायला सांगा, मोबाईलवर व्हिडिओ असेल तर जोडायला सांगा. मग एक जुना जाणता पंच त्या पोरीला शेजारी बसवून तो व्हिडिओ दाखवेल, चूक असेल तर चूक सांगेल, नसेल तर कोचलाही तसं कळवेल. सेमीफायनलला कोण हे त्या जाणत्या पंचांनी ठरवावं, हरलेल्यानंही नको आणि जिंकलेल्यानंही नको.