सरांनी चष्मा काढला

कॅश काउंटरवर बसलेल्याला माणूस पूर्ण दिसत नाही, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. काचेतून छातीपासून वरचा भाग दिसतो आणि खालच्या फटीतून हात आत येतात, बस्स. त्यामुळे इतकी वर्षं या खुर्चीवर बसून मी माणसं जास्त करून हातावरून ओळखते. आमची शाखा सोलापूरच्या पूर्व भागात. विडी कामगार बायका पेन्शनला येतात तेव्हा थम्ब द्यायची वेळ आली की हात आधी पदराला पुसतात आणि मग मूठ मिटून घेतात, कारण आयुष्यभर विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणतं आणि मागची लाइन बडबडायला लागते. त्या मिटलेल्या मुठीला नवीन माणूस आडमुठेपणा समजतो. ती लाज असते. पाटण्याहून आलेला आमचा पीओ, म्हणजे नवीन प्रोबेशनरी ऑफिसर, पहिल्या महिन्यात सारखा विचारायचा, "मॅडम, ये हाँ बोल रहे हैं कि ना?" कारण आमच्याकडचे तेलुगू-कानडी बोलणारे बरेच लोक होकार देताना मान खाली-वर करत नाहीत, दोन्ही खांद्यांकडे कलती करत हलवतात. पोरगा हुशार आहे, दोन महिन्यांत शिकला, आता स्वतःच तशी मान हलवतो.

आता सरांचं सांगते. रिटायर्ड गणिताचे शिक्षक, घरात तेलुगू, शाळेत मराठी. अर्धा पूर्व भाग त्यांच्या हाताखालून गेलेला. बाई वारल्यापासून एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. महिन्यातून एकदा शटर वर जातानाच हजर, पहिल्या खुर्चीत बसणार, पिशवीतून पासबुक काढणार, शेंगाचटणीच्या पुडीच्या वासासकट. प्रत्येक एन्ट्रीवर पेन्सिलने टिक करणार, व्याज स्वतः काढून आमच्या आकड्याशी जुळवणार आणि जाताना काचेवर टकटक करून विचारणार, "काय गं पोरी, पंखा अजून दुरुस्त नाही का केला यांनी?"

मे महिन्यातला दिवस. सोलापूरचा मे म्हणजे बाहेर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी दीड वाजता सर आले. बसले नाहीत. पिशवी नाही, नुसती हातात एफडीची पावती आणि पासबुक. शर्टाच्या खिशात मोबाइल, उभा, आणि कॅमेऱ्याचे गोल बाहेर डोकावणारे. सरांचा मोबाइल नेहमी पिशवीत, पिशवीतल्या कापडी पाउचमध्ये, तिथून तो बाहेर काढायला त्यांना एवढा वेळ लागतो की समोरच्याचा कॉल कट होतो.

"मॅडम, मला ही एफडी मोडायची आहे आणि पैसे आरटीजीएस करायचे आहेत. नातवाच्या ॲडमिशनसाठी."

मॅडम. सर मला कधी मॅडम म्हणत नाहीत. आणि आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा एवढा मोठा, मी तर हातभर अंतरावर.

पावती चौदा लाखांची. आरटीजीएसच्या फॉर्मवर नाव होतं कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं, करंट अकाउंट, दुसऱ्या राज्यातली शाखा. ॲडमिशनची फी ट्रेडिंग कंपनीला कशाला जाईल? मी म्हटलं, "सर, मॅच्युरिटीला थोडेच महिने राहिलेत, आत्ता मोडली तर पेनल्टी बसेल, व्याज कमी मिळेल." एरवी या वाक्यावर सरांनी पेन्सिल काढून आकडेमोड केली असती. ते म्हणाले, "चालेल." पण चालेल म्हणायच्या आधी त्यांची नजर खाली खिशाकडे गेली. मग पुढचा प्रश्न, परत नजर खिशाकडे, मग उत्तर. मान सारखी हलत होती, मी काही विचारलं नाही तरी. पावतीच्या मागे सही केली ती अगदी हळू, कोरल्यासारखी. सिस्टममधल्या सहीशी जुळत होती, तिथे काही प्रॉब्लेम नव्हता. खोटी सही करणारा माणूस हळू करतो हे आम्हाला शिकवलेलं असतं, पण हा माणूस स्वतःचीच सही हळू करत होता.

पीओ माझ्या मागे उभा होता. हळूच म्हणाला, "झूठ बोल रहे हैं, आँख नहीं मिला रहे, पसीना देखिए." त्याच्या मते पैशात काही काळंबेरं होतं. त्याला दोष देत नाही, कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात आणि त्याबद्दल मला खरंच राग आहे. दिवसभर एसी हॉलमध्ये बसवून एक ट्रेनर सांगतो की हाताची घडी म्हणजे विरोध, नाकाला हात म्हणजे थाप, नजर चुकवली म्हणजे चोरी. आणि ती ठरलेली स्लाइड, की संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि बॉडी लँग्वेज ५५ टक्के. सरांच्या केसनंतर मी माझ्या भाचीकडून, ती सायकॉलॉजी शिकते, हे सगळं समजून घेतलं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन नावाच्या प्राध्यापकाच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. त्यात लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. बस, एवढंच. शब्द एक सांगतायत आणि चेहरा दुसरं, अशा वेळी आवड-नावड कशावरून ठरवतो त्याचा तो हिशोब. सगळ्या बोलण्याला तो लागू नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. आणि खोटं ओळखण्याचं म्हणाल तर २००६ मध्ये बॉन्ड आणि डीपॉलो या दोघांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून बघितले, २४ हजारांहून जास्त लोकांचे अंदाज, तर नुसतं बघून-ऐकून खरंखोटं बरोबर ओळखायचं प्रमाण सरासरी ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तर ५० येतात! आणि यावर आम्हाला सर्टिफिकेट मिळतं.

घाम तर त्या दिवशी सगळ्यांनाच होता, ४२ डिग्रीत कुणाला येणार नाही? मला दिसत होतं ते एवढंच की हे आमचे सर नाहीत. एकेक गोष्ट वेगळी काढली तर प्रत्येकीला कारण देता आलं असतं, वय झालंय, ऊन आहे, नातवाची काळजी आहे. सगळ्या मिळून नाही देता येत. आणि तो खिसा.

डिजिटल अरेस्टचं सर्क्युलर आम्हाला आलेलं होतं, पोस्टरही भिंतीवर आहे. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये त्यावर सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस, खोटा अधिकारी, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुमच्या आधारवर खातं निघालंय, कॉल कट करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. कायद्यात असली अटकच नाही. पण पोस्टरवर हे लिहिलेलं नसतं की माणूस काउंटरवर उभा असताना ते लोक खिशातून तुमच्याकडे बघत असतात. म्हणजे मी सरांना बघत होते आणि तो कॅमेरा मला. सरांना सरळ विचारणं शक्यच नव्हतं.

मी एका स्लिपच्या मागे लिहिलं, "सर, फोन चालू आहे? कुणी घाबरवतंय? हो असेल तर चष्मा काढून पुसा." ती स्लिप पासबुकमध्ये ठेवली आणि पासबुक फटीतून पुढे सरकवलं, तोंडाने म्हटलं, "एन्ट्री करून दिली आहे, चेक करा." पासबुक बघायला सर ते नेहमी पोटाजवळ खाली धरतात, कॅमेऱ्याच्या टप्प्यात ते येणार नव्हतं. मान हलवा असं मुद्दाम लिहिलं नाही, कारण मान त्यांची आधीपासूनच हलत होती, मला काय कळलं असतं?

सरांनी वाचलं. पासबुक मिटलं. बराच वेळ काहीच नाही. मग डाव्या हाताने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसायला लागले. दोन्ही काचा पुसून झाल्या तरी पुसतच राहिले.

त्यानंतर सगळ्यात अवघड काम माझं स्वतःचंच होतं, चेहरा सांभाळायचा. मी घाबरले हे त्या कॅमेऱ्याला दिसलं तर ते लोक सरांना तिथून लगेच बाहेर काढणार आणि दुसऱ्या शाखेत नेणार. मग मी अगदी वैतागलेल्या बँकवालीचा चेहरा केला, मोठ्याने म्हटलं, "सर्व्हर स्लो आहे ओ, एफडीची लिंक येईना झालीये, थांबावं लागेल, काय करायचं सांगा की." मागे वळून त्याच वैतागात पीओला म्हटलं, जरा बघ की रे ते, आणि दुसऱ्या कागदावर प्रकार लिहून तो हातात दिला. त्याने वाचलं आणि एक शब्द न बोलता आत गेला.

मॅनेजर साहेबांचं उत्तर काय, तर ग्राहकाचा पैसा, ग्राहकाची सही, आपण कोण अडवणार, उद्या तक्रार आली तर? हे त्यांचं वाक्य नियमाच्या हिशोबाने चूक नाही, पण नियमाच्या मागे लपायची ही सवय मला पटत नाही, त्यांच्या वडिलांची एफडी असती तर ते असं बोलले असते का? पीओने त्यांच्यासमोरच सिस्टममध्ये सरांच्या मुलाचा नंबर काढला, कॉलेजात असताना उघडलेलं खातं अजून आमच्याकडेच आहे, आणि फोन लावला.

इकडे सरांनी पासबुक परत आत सरकवलं. स्लिपवर त्यांच्या त्या फळ्यावरच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "बोलू नका. सीबीआय आहे. मुलाला अटक होईल." मी खाली लिहिलं की हे खोटं आहे, भिंतीवरचं पोस्टर बघा. त्यांनी पोस्टरकडे बघितलंच नाही. घाबरलेल्या माणसाला पोस्टर वाचता येत नाही, हे माझं ठाम मत झालंय.

मग पीओ आला, त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू, आवाज पूर्ण बंद. तो मोबाइल मी खालच्या फटीत, नोटा ठेवतो त्या खळग्यात आडवा ठेवला. त्यात सरांचा मुलगा, पुण्यात ऑफिसमध्ये, गळ्यात आयकार्ड, मागे लोक चहा पितायत. त्याला ऐकू जाणार नाही असं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून तो पोरगा नुसता हाताने खुणा करत होता. स्वतःच्या छातीवर हात ठेवून, मी इथे आहे, मला काही झालेलं नाही. मग दोन्ही तळवे पुढे, थांबा. मग हात जोडले. ते त्याने पुन्हा पुन्हा केलं, मध्ये डोळे पुसले.

सर खाली बघत होते. त्यांची मान हलायची थांबली हे मला आधी दिसलं, मग काउंटरच्या कडेवरची बोटं सैल झाली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनवर खाकी कपड्यातला एक माणूस हिंदीत ओरडायला लागला आणि सरांना ते लाल बटण काही केल्या सापडेना. आमचे गार्ड काका, माजी सैनिक, कधी येऊन मागे उभे राहिले होते मला दिसलंच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, सरांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि काकांनी तो कट केला. नंतर काका म्हणाले की सर आत यायच्या आधी बाहेर उन्हात बराच वेळ उभे होते आणि एकटेच माना डोलवत होते, म्हणून ते लक्ष ठेवून होते. काचेमागून मला न दिसलेला सगळा भाग काकांना दिसला होता.

आदल्या दिवशी सरांनी मोबाइलवरून काही रक्कम पाठवलीच होती. तिथूनच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कॉल केला, तक्रार नोंदवली, गार्ड काका स्वतः बरोबर सायबर पोलिसांकडे गेले. ती रक्कम अजून आलेली नाही. चौदा लाख वाचले.

सर आठवड्याने आले, बरोबर मुलगा. मला विचारलं, "तुला कळलं कसं गं? मी तर अगदी नॉर्मल वागत होतो." त्या लोकांनी आदल्या रात्री कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांची तयारी करून घेतली होती, बँकेत काय विचारतील, तुम्ही काय सांगायचं, आवाज खणखणीत ठेवायचा, डगमगायचं नाही. म्हणजे तो मोठा आवाज ही त्यांची ॲक्टिंग होती. मला ज्यावरून शंका आली ते त्यांनी शंका येऊ नये म्हणून केलेलं होतं. मुलगा म्हणाला खिशामुळे कळलं असेल. पीओ म्हणतो घाम. मला विचाराल तर मॅडम हा शब्द, आणि तो तर शब्दच आहे, बॉडी लँग्वेज नाही. नक्की कशाने ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आणि मला झोप येत नाही ती दुसऱ्याच विचाराने. सर मला माहीत होते म्हणून वेगळे दिसले. त्यांच्याआधी लाइनमध्ये असलेला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता, तो खिशात मोबाइल ठेवून मोठ्याने बोलत असता तर मला ते काहीच वाटलं नसतं. ऑफिसर लोकांची दर तीन वर्षांनी बदली होते, गिऱ्हाईक ओळखीचं व्हायला लागलं की माणूस उचलून दुसरीकडे. टोकन मशीनवर प्रत्येकाचा वेळ मोजला जातो आणि तो वाढला की रिजनल ऑफिसमधून विचारणा. वयस्कर माणूस एकटा मोठी एफडी मोडायला आला तर त्याला काउंटरवर उभं न ठेवता आत बसवा, पाणी द्या, मोबाइल टेबलावर पालथा ठेवायला सांगा, घरच्या एकाला फोन लावा, एवढं मी लिहून दिलंय. साहेब म्हणाले बघू.

शेजारच्या काउंटरवर नवीन मुलगी आलीये, अक्कलकोटची. तिला पुढच्या आठवड्यात तेच ट्रेनिंग आहे. तिला मी सांगून ठेवलंय, ती ५५ टक्क्यांची स्लाइड आली की हात वर कर आणि विचार की सर, जो कस्टमर मी आधी कधी बघितलाच नाही त्याचं नॉर्मल मला कसं कळणार? उत्तर काय मिळतं ते लिहून आण म्हटलंय.