गावाचा रकाना
‘मॅडम, गाव लिहिलेलं नाही.’ समुद्रतळाचे नमुने परदेशी पाठवायच्या परवानगीसाठी खेपा घालताना सात आठवड्यांत हे वाक्य मी चार वेळा ऐकलं, आणि आजही आठवलं की संताप होतो.

माझे नमुने मध्य हिंदी महासागरातले, पाच हजार मीटरहून खोल तळाचे. तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू गोटे, म्हणजे तळावर पडलेले धातूयुक्त गोळे, शोधण्याचा हक्क भारताकडे आहे, मालकी नाही. निकेल, तांबं, कोबाल्टसाठी उद्या यंत्र फिरलं, तर ते गोट्यांबरोबर गाळाचा वरचा थरही खरवडून नेईल. मी अभ्यासते ते सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे अगदी बारीक जंत, बहुतांशी त्याच वरच्या काही सेंटिमीटरांत राहतात. खाणकामाआधी तिथे कोण होतं याची नोंद नसेल, तर नंतर काय गेलं हे सांगणार कसं?

बोटीवरचे दिवस, गाळाचे काप, फॉर्मॅलिन, ३२ मायक्रॉनची चाळणी, सगळं सुरळीत झालं. रोझ बेंगॉल या रंगाने गुलाबी झालेले कृमी पापणीच्या केसाने एकेक उचलून मी ग्लिसरीनमध्ये ठेवले. केस काडीला चिकटवायचा. सुईने कृमी तुटतात. पण त्यातल्या कितीतरी जाती मला ओळखता येईनात, म्हणून स्लाइड्स परदेशातल्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवायच्या ठरल्या. त्यासाठी परवानगी हवी होती.

अर्जात ‘नमुना गोळा केल्याचे ठिकाण’ याखाली तीन रकाने होते: गाव, तालुका, जिल्हा. मी तिन्ही रिकामे ठेवून खाली अक्षांश-रेखांश लिहिले. दहा दिवसांनी अर्ज ‘त्रुटी’ शेऱ्यासह परत. दुसऱ्यांदा ‘मध्य हिंदी महासागर’ लिहिलं. परत. तिसऱ्यांदा स्वतः गेले.

‘साहेब, तिथे गाव नाही. ते कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही.’

‘मग जवळचं गाव टाका.’

मी नाही टाकलं. खोटा पत्ता चिकटलेला नमुना पुढे कोणी कसा वापरायचा? आवक-जावकच्या खिडकीपाशी उभी असताना मला पेरू देशाजवळच्या खोल समुद्रतळावरचा प्रयोग आठवत होता. खाणकामाचा परिणाम पाहायला १९८९मध्ये नांगरलेल्या तळावरचे चर २०१५मध्येही स्पष्ट दिसत होते. प्रशांत महासागरात १९७८च्या खाणकाम-चाचणीत यंत्र फिरलेल्या मार्गावर २६ वर्षांनीही सूत्रकृमी आजूबाजूच्या तळापेक्षा कमीच होते. इतका वेळ लागतो त्या जागेला सावरायला, आणि इथे एका रकान्यापायी फाइल हलेना.

(फॉर्मॅलिनमध्ये बोरॅक्स टाकायला विसरू नका. ते आम्लधर्मी झालं की चुन्याची कवचं विरघळतात. घाईत माझी एक बरणी तशीच राहिली आणि त्यातल्या जीवांचे शिंपले विरघळून गेले.)

चौथ्यांदाही अर्ज परत आला. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ बाईंनी तो हातात घेतला. निवृत्तीला आल्या असाव्यात. त्यांनी पूर्ण वाचला, मग म्हणाल्या, ‘अगं, रिकामं ठेवू नकोस आणि समुद्राचं नावही त्यात कोंबू नकोस. तिन्हीकडे “लागू नाही” लिही, प्रत्येकापुढे संस्थाप्रमुखांची सही घे, आणि नकाशा वेगळा जोड.’ सहा दिवसांत परवानगी आली. त्या बाईंना भेटून मी पेढे दिले.

तेव्हा अर्ज करणाऱ्यांनो, ‘लागू नाही’ आणि सही. बोटीच्या स्थानकनोंदीची (नमुने नेमके कुठे घेतले त्या नोंदीची) साक्षांकित प्रतही आधीच काढून ठेवा. बोट पुढच्या सफरीवर गेली की ती मिळवायला फार पळापळ होते. आणि परवानगी हाती येईपर्यंत पार्सल बांधू नका. मी बांधलं होतं. सात आठवड्यांनी उघडलं तेव्हा दोन स्लाइड्सच्या कडांचं मेण सुटलेलं होतं.

एक सांगायचं राहिलंच: चाळणी धुवायला नळाचं पाणी तसंच वापरू नका, गाळून घ्या. नळाच्या पाण्यातही सूत्रकृमी असतात.