लेगोचा पोकलेन आणि जांभ्याची खडी

मुंबई-गोवा हायवेवरच्या परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या वेळी पोकलेन डोंगर कापताना बघत थांबायचो, तिथूनच हे वेड घरात आलं. गेले तीन महिने लेगो टेक्निकचा (लेगोचे गिअर, मोटरवाले जोडायचे तुकडे) माझा स्वतःचा पोकलेन बनवतोय, सेटमधला नाही, घाटात काढलेल्या फोटोंवरून मापं घेतलीत, लेगोच्या पट्टीवरच्या दोन भोकांमधलं अंतर 8 मिमी असा हिशोब धरून.

सगळ्यात जास्त वेळ बूमने, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताने, खाल्ला. आधी साध्या गिअरवर उचलायचा, पण मोटर बंद केली की बकेटच्या वजनाने हळूहळू खालीच यायचा. मग वर्म गिअर लावला, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर. वर्मचा एक फेरा झाला की 24 दातांचं चाक फक्त एक दात सरकतं, वेग 24 पटीने कमी होतो, जोर वाढतो (घर्षणात थोडा जातोच), आणि मुख्य म्हणजे चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे बूम जिथे सोडला तिथेच उभा! खऱ्या मशीनमध्ये हेच काम तेलाचा दाब करतो.

काल पडवीत आईने विचारलं, "नारळ उचलेल काय रे तो?" नारळ नाही, पण मूठभर जांभ्याची खडी उचलली, आणि ती लाल धूळ लगेच गिअरात गेली, संध्याकाळभर जुन्या टूथब्रशने एकेक दात साफ करत बसलो. आता वर्मभोवती कव्हर करतोय.