आरआयएएफ विंग: चमकणाऱ्या टाक्यांचा उलगडा

मागच्या वेळी ज्या आरआयएएफ (रॉयल इंडियन एअर फोर्स) पायलट विंगचे, म्हणजे वैमानिकाच्या गणवेशावरच्या भरतकामाच्या पंखचिन्हाचे, फोटो टाकले होते, तिच्यावरचा मोठा आक्षेप या आठवड्यात मिटला. यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली चमकते म्हणून बहुतेकांनी तिला नकली ठरवलं होतं. ती का चमकते ते आता कळलंय. आनंद इतका झालाय की धातूच्या विंग्जवर लिहायचं ठरलं होतं ते मागे ठेवून आधी हेच लिहितोय.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच सांगतो की हा तुकडा इतका मोलाचा आहे तो त्यावरच्या अक्षरांमुळे. इंडियन एअर फोर्सला 'रॉयल' ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९५० ला ती गेली. म्हणजे 'आरआयएएफ' अक्षरांची विंग जेमतेम पाच वर्षांच्या खिडकीतली. खिडकी लहान, मागणी मोठी, म्हणून नकला भरपूर. मुकुटावरून मात्र काही नकला लगेच पकडता येतात. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या असतात, तर १९५२ नंतर एलिझाबेथ राणीच्या काळात आलेल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. भारत त्याआधीच प्रजासत्ताक झाला होता. त्यामुळे दबलेल्या कमानींचा मुकुट आणि खाली आरआयएएफ अशी विंग कोणी 'अस्सल' म्हणून दाखवली, तर पुढे बोलायचीही गरज नाही. माझ्या विंगवरचा मुकुट गोल आहे. तिथवर ठीक होतं.

अडचण सुरू झाली ती टॉर्चने. पंखांचा सायीसारखा रंग यूव्हीखाली मंद राहिला, जसा राहायला हवा. पण उजव्या पंखाचं टोक आणि मुकुटाचा खालचा पट्टा निळसर पांढरे झगमगले. अशी चमक येते ती धाग्याला पांढरेपणा देणाऱ्या रसायनांमुळे, आणि ती कापडात सर्रास आली दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळे चमक दिसली की माल नवा, असा आपल्याकडचा सरळ नियम. काहींनी साबणाच्या पावडरचं कारण सुचवलं. पावडरमध्येही तीच रसायनं असतात हे खरं, पण धुण्याने आलेली चमक सगळीकडे पसरते. दोनच जागा निवडून बसत नाही.

शेवटी विंग घेऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अण्णांकडे गेलो. आयुष्य जेकार्ड मागावर गेलेलं, आता युनिफॉर्मच्या कारखान्यात भरतकाम तपासतात. त्यांनी टॉर्चकडे पाहिलंही नाही. खिशातली पिक ग्लास (कापडातले धागे मोजायचं छोटं भिंग) काढली, विंग उलटी केली आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे रफू आहे की ओ, सर."

पिक ग्लासमधून त्यांनी जे दाखवलं ते सावकाश सांगतो, कारण सगळं इथेच आहे. मूळ पंखांचा भरीव टाका आतल्या भरावावरून तिरका, घट्ट ओढलेला आहे. चमकणारे टाके जवळजवळ सरळ आहेत आणि भरावातून जातच नाहीत, नुसते वरून बसलेत. त्यांच्याखाली मूळ धाग्याची तुटकी टोकं अजून शिल्लक आहेत, आणि ती टोकं चमकत नाहीत. सगळ्यात भक्कम पुरावा मागच्या बाजूला मिळाला. तिथे जुन्या पिनेच्या गंजाचा डाग आहे. मूळ टाके त्या डागात तपकिरी झालेत. रफूचे टाके त्याच डागावरून गेलेत, पण स्वच्छ. म्हणजे आधी भरतकाम, मग गंज, मग रफू. हा क्रम उलटा लावताच येत नाही.

घरी येऊन दोन्हीकडची सुटी, केसाएवढी टोकं चिमट्यात धरून जाळली. मूळ धागा केस जळल्यासारखा वास देऊन भुगा झाला, म्हणजे रेशीम. चमकणारा आक्रसला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला, म्हणजे कृत्रिम. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ चा असला तरी तो धागा बाजारात रुळला पन्नाशीच्या दशकात. कोणीतरी ही विंग जपण्यासाठी नंतर दुरुस्त केली, आणि आपण त्या दुरुस्तीला नकलेचा पुरावा समजत होतो. माझं स्पष्ट मत आहे की यूव्ही टॉर्च एका धाग्याबद्दल सांगते, अख्ख्या विंगबद्दल नाही. उलट बाजूचा फोटो न मागता कोणीही निकाल देऊ नये.

टॉर्च घेणार असाल तर ३६५ नॅनोमीटरची, काळ्या फिल्टरची घ्या. ३९५ वाल्या स्वस्त टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पडतो की मंद चमक त्यात बुडून जाते. आणि पिक ग्लास सोलापुरात सूत आणि मागाच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते. महागड्या भिंगाआधी ती घ्या.

धातूच्या विंग्जचं थोडक्यात. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकन वैमानिकांची म्हणून आलेली चांदीची विंग सराफाकडे नेऊन टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घेतला. तो स्टर्लिंग चांदीच्या ९२.५ टक्क्यांच्या बराच खाली आला. स्टर्लिंगचा शिक्काही नाही. पिसांवर छिन्नीचे हाताचे फटके दिसतात, ओतीव मालात येतात तसे हवेचे बारीक खड्डे नाहीत. हिंदुस्थानातल्या कारागिरांनी तेव्हा अशा विंग्ज घडवून दिल्या होत्या, आणि ही त्या जातीशी जुळते. अमेरिकन कारखान्याची म्हणून ती विकली गेली असती तर मात्र हाच टंच तिच्या विरोधात गेला असता.

पुढे ही विंग सूरतच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचा विचार होता. हे लिहिताना तो बदलला. रेशमाचं वय प्रयोगशाळा नेमकं सांगणार नाही, आणि नमुना कापावा लागेल तो वेगळाच. आपल्याला हवेत ते ज्यांचं साल पक्कं माहीत आहे असे धागे. ते तर घराघरांत भिंतीवर टांगलेले आहेत! 'सुस्वागतम्' भरलेल्या चौकटी, कोपऱ्यात नाव आणि साल घातलेले रुमाल, रुखवतातली तोरणं. चाळीस ते साठच्या दशकातल्या अशा कामांचे यूव्ही फोटो सालवार लावले, तर आपल्याकडच्या बाजारात चमकणारा धागा केव्हा आला याचा तक्ता तयार होईल. सोलापूरच्या जुन्या गिरणीची किंवा लक्ष्मी-विष्णू गिरणीची शेड कार्डं (रंगांचे नमुने लावलेली कार्डं) कोणाच्या घरी असतील तर सोन्याहून पिवळं.

ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी चौकट उघडू नका, काचेतून फोटो चालणार नाही एवढंच आधी सांगतो. मागचं अस्तर सुटं असेल तर मागून घ्या, शेजारी पट्टी ठेवा, आणि त्याच जागेचा एक फोटो साध्या उजेडात, एक ३६५ खाली. साल भरलेला कोपरा दोन्हींत यायला हवा. विंगचे रफूचे नवे फोटो उद्या टाकतो, गंजाच्या डागाचा जवळून घेतलेला आधी.