कळ लावणारी वेल

आषाढ सरत आला होता. पावसाने तासभर दम घेतला तेवढ्यात दळण आणून टाकावं म्हणून गेलो आणि परत येताना इमारतीच्या मागच्या तारेच्या कुंपणापाशी अडकलो. डब्यातलं पीठ अजून गरम होतं. कुंपणात एक वेल चढली होती. फूल नाही, कळीही नाही. नुसती लांबट, लकाकती हिरवी पानं.

फूल बघून वेल ओळखणं यात काही मर्दुमकी नाही, असं माझं जुनं खूळ आहे. वेल ओळखायची ती धरण्यावरून. कवंडळ ताणे फेकतं. मोरवेल पानाच्या देठानेच वेटोळं घालते. करांदा आणि कोनफळ एकाच कुळातले, दोघेही अंगाने पिळा घालत चढतात. पण एक ज्या दिशेने वळतो, दुसरं बरोबर त्याच्या उलट. भाऊबंदकीच म्हणायची.

या वेलीला ताणे नव्हते, पिळाही नव्हता. वाकून पाहिलं. पानाचं टोक निमुळतं होत होत उंदराच्या शेपटीएवढं झालेलं आणि त्या शेपटीने गंजक्या तारेला दीड वेढा मारलेला. खालची पानं मात्र साधीच, टोकाला काही नाही. जमिनीजवळ धरायचं कशाला? वर जावं तसे एकेका पानाला हात फुटलेले.

कळलावी! दुसरं कोण असणार?

तरी खात्रीसाठी फोन काढून फोटो ओळखणाऱ्या ॲपला दाखवली. त्याने आधी बांबू सांगितला, मग लिली. शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "काय हो, काय सापडलं?" मी म्हटलं, "वाघनखी." त्या म्हणाल्या, "म्हणजे ती काळ्या आकड्यांची शेंग?" ती विंचवाची शेंग, वेगळं झाड, तेही परदेशातून आलेलं. एका नावाची दोन माणसं असली की पोस्टमनचे हाल होतात, तसं झालं. कळलावीला वाघनखीसारखंच खड्यानागही म्हणतात, पण ते मी काकूंना सांगितलं नाही.

माझी आणि तिची ओळख आजोळची. गणपतीत गेलो होतो, वय आठ-नऊ. ओहोळाच्या कडेला करवंदीच्या जाळीवर ती चढली होती. वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तशा सहाही पाकळ्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या. एकाच वेलीवर एक फूल हिरवट, एक पिवळं-केशरी, एक लालभडक. तेव्हा वाटलं तीन जातींची फुलं आहेत. फूलच वयाप्रमाणे रंग बदलतं, हे फार उशिरा कळलं. आणि मधला तो हिरवा दांडा! सरळ यायचं सोडून बुडाशीच काटकोनात वळून बाजूला निघालेला, रुसून पाठ फिरवल्यासारखा.

पाच फुलं तोडून गणपतीपुढे ठेवायला नेली. आजी पडवीतूनच ओरडली, "अरे मेल्या, उंबऱ्याबाहेर टाक ते! कळलावी ती. घरात आली की भांडणं लागतात."

चार टाकली. एक मोठ्या मामाच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात लपवलं. रात्री दोघे मामा बांधावरून कडाडून भांडले. तसे ते दर गणपतीत भांडत. पण त्या वर्षीचं भांडण माझ्या नावावर आहे, ही खात्री मला दहावीपर्यंत होती.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटलं, म्हणजे वैभवशाली आणि वर दिमाखदार. एक स्तुती कमी पडली म्हणून दुसरी जोडली. झिंबाब्वेचं ती राष्ट्रीय फूल, तमिळनाडूने तर तिला राज्यफूल केलंय, आणि तिथलं राज्य चाललंय. संस्कृतात ती लांगली, कारण कंद नांगरासारखा वाकडा, आणि कलिहारीसुद्धा. शब्दावर गेलं तर कलिहारी म्हणजे भांडण हरण करणारी! आपण मराठी लोकांनीच तिला भांडणं लावायला बसवलं.

संस्कृतात तिचं आणखी एक नाव आहे, गर्भनुत्, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. ते वाचलं तेव्हा पुढे सरकलो होतो. कंदात कोल्चिसिन असतं, विषारी. वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, तेच मोजून-मापून औषध म्हणून देतात, हेही वाचलं होतं. आजी गेल्यावर दोनेक वर्षांनी मावशी सहज बोलता बोलता म्हणाली, आजीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात अडली होती. कळा येईनात. सुईणीने कळलावीचा कंद आणला. उगाळून लावला की पाजला, ते मावशीलाही माहीत नाही. बाई गेली, बाळही गेलं. आजी तेव्हा बारा वर्षांची, दाराबाहेर गरम पाण्याचं भांडं धरून उभी.

कुंपणापाशी उभा असताना खेळायला निघालेली दोन पोरं आली. धाकट्याने हात पुढे केला.

"हात लावू नको रे."

"का?"

"कळलावी आहे ती," मी म्हटलं, "भांडणं लागतात."